अकरा शाळा, अकरा कपाटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिक्षण संस्थेच्या अकरा शाळा आहेत. प्रत्येक शाळा आपली खरेदी आपण करते, करारही आपले आपण करते. कार्यकारिणीला वाटतं, सगळी खरेदी मुख्य कार्यालयात आणली की दर आपोआप उतरतील. मुख्याध्यापकांना धास्ती आहे की उद्या खडूच्या पेटीसाठीसुद्धा अर्ज लिहावा लागेल. मध्यवर्ती खरेदी विभाग काढावा का, सॉफ्टवेअर घ्यावं का आणि सुरुवात कुठून करावी?

शाळासमूहांच्या खरेदीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. माझं मत आधीच सांगून टाकते. अशा संस्थांमध्ये चढ्या दरांमुळे जेवढा पैसा जातो, त्याहून जास्त पैसा सही झालेल्या करारांकडे नंतर कुणी ढुंकून पाहत नाही म्हणून जातो. दरपत्रकावर दोन टक्क्यांसाठी तासभर घासाघीस होते, आणि मग तोच करार पाच वर्षं कपाटात पडून दरसाल वाढत राहतो तेव्हा कुणाला पत्ताही नसतो. विभाग, सॉफ्टवेअर, नव्या निविदा हे सगळं मागाहून. आधी कपाटं उघडा.

त्यासाठी शाळांना "चालू करारांच्या प्रती पाठवा" असं पत्र काढू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि निम्म्या शाळांकडून उत्तर आलं: "निरंक". खोटं कुणी बोलत नव्हतं. मुख्याध्यापकांच्या लेखी करार म्हणजे शिक्क्यांचा जाडजूड कागद. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची देखभाल करणारा म्हणजे "आपला नेहमीचा माणूस". म्हणून उलट बाजूनं या. लेखापालांकडून प्रत्येक शाळेची मागच्या बारा महिन्यांत चुकत्या केलेल्या बिलांची यादी घ्या आणि ती पुरवठादारानुसार लावा. ज्याला वर्षात तीन किंवा अधिक वेळा पैसे गेले, त्याच्याशी तुमचा करार आहे, कागद असो वा नसो. फोटोकॉपी मशीन, लिफ्ट, जनरेटर, अग्निशामक सिलिंडर, इंटरनेट, सफाई, सुरक्षारक्षक, बस, कीटकनियंत्रण, संकेतस्थळ, निकालपत्रकं काढणारं सॉफ्टवेअर. अकरा शाळांत मिळून शंभराच्या वर नोंदी निघाल्या तर दचकू नका. मग ती यादी हातात घेऊन शाळेत जा आणि एकेका नावाचा कागद मागा. मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं, नाव घेतलं की कपाट उघडतं.

एका शाळेत असंच कपाट उघडलं तेव्हाची गोष्ट. भाड्यानं घेतलेलं फोटोकॉपी मशीन, मुदत पाच वर्षांची. मुदत संपण्याआधी ९० दिवस लेखी नोटीस दिली नाही तर करार त्याच दरानं आणखी १२ महिने चालू, असं मागच्या पानावर बारीक अक्षरात. लिपिकानं नोटीस दिली होती, पण ६० दिवस आधी. कंपनीनं नम्रपणे कळवलं की मुदतवाढ झालेली आहे. पुढच्या वर्षी तो लिपिक निवृत्त झाला, मूळ कागद त्याच्या जुन्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिला, आणि पुन्हा एक वर्ष वाढलं. मी तो कागद वाचला तेव्हा आणखी एक कलम दिसलं: महिन्याला किमान १५,००० पानांचं भाडं द्यायचं, छापा अगर न छापा. मशीनवरचा मीटर पाहिला तर सरासरी ६,००० सुद्धा भरत नव्हती. म्हणजे सात वर्षं ती शाळा न छापलेल्या पानांचे पैसे भरत होती. आणि दर? बाजारभावापेक्षा थोडा कमीच होता! घासाघीस चांगली झाली होती.

म्हणून पहिलं काम करार नोंदवही. साधी स्प्रेडशीट पुरते, पण रकाने विचार करून घ्या. पुरवठादार, काम, शाळा, वार्षिक रक्कम हे तर आलंच. खरे कामाचे रकाने दुसरेच: नोटीस कधीपर्यंत द्यायची, दरवाढीचं कलम काय म्हणतं, किमान वापराची अट आहे का, कराराबाहेर पडताना काय काय परत मिळायला हवं, आणि शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा, या करारावर लक्ष ठेवणारी व्यक्ती कोण. "शाळा" किंवा "कार्यालय" असं तिथे लिहू देऊ नका. माणसाचं नाव हवं. आणि समाप्तीच्या तारखेवर गजर लावू नका. त्या दिवशी हाती काहीच उरलेलं नसतं. समजा करार ३१ मेला संपतो आणि नोटीस ९० दिवसांची आहे. म्हणजे नोटीस २ मार्चपर्यंत पोचली पाहिजे. नोटीस देण्याआधी दुसरा पर्याय हातात हवा, आणि चांगली निविदा काढून निर्णयाला यायला तीन-चार महिने लागतात. तेव्हा तुमचा खरा गजर नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाजला पाहिजे. मुदतीच्या तोंडावर धावपळ करून दिलेली "तात्पुरती मुदतवाढ" हा आमच्या क्षेत्रातला सगळ्यांत महागडा शब्दप्रयोग आहे.

ही नोंदवही भरत असतानाच दुसरं एक चित्र दिसू लागेल: तीच वस्तू, वेगवेगळे दर. लगेच कुणाला धारेवर धरू नका. एका शाळेचा दर जास्त दिसतो कारण माल तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवून मिळतो, दुसरीचा कमी दिसतो कारण ती रोख पैसे देते. आणि कधी कधी वस्तूच एक नसते. कागदाचं घ्या. बिलावर सगळीकडे "ए४ कागद, ५०० नग" असतं. ए४ कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या सोळाव्या भागाइतकं, त्यामुळे ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) एक कागद सुमारे ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांची रीम जवळजवळ अडीच किलोची भरते. ७० जीएसएमची असेल तर २.२ किलोच्या आसपास. मी एकदा सात शाळांमधून एकेक रीम मागवून वजनकाट्यावर ठेवली. बिलावर सगळ्या ८० च्या, काट्यावर तीन ७० च्या. माल उतरवून घेणाऱ्या शिपायाला तेव्हापासून एकच सूचना आहे: दर खेपेला एक रीम तोला आणि वजन चलनावर लिहा. माल मिळाल्याची सही आणि माल तपासल्याची सही यांत हे अंतर असतं, आणि बहुतेक शाळांत पहिलीच होते.

आता मध्यवर्ती खरेदीकडे. व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात खरेदीची एक चौकट मांडली. ती आजही माझ्या उपयोगी पडते. वस्तू दोन प्रश्नांवर तपासायची: तिच्यावर पैसा किती अवलंबून आहे, आणि ती मिळाली नाही तर अडचण किती मोठी. त्यातून चार कप्पे पडतात. कागद, मार्कर, साबण यांचा पुरवठा सहज होतो आणि एकेकट्याची रक्कम छोटी. इथे दराहून कागदपत्रांचा व्याप जास्त महाग पडतो, म्हणून एकदा दर ठरवून घ्यायचे आणि शाळांना थेट मागवू द्यायचं. संगणक, बाकं, प्रोजेक्टर यांत रक्कम मोठी आणि विकणारे भरपूर. अकरा शाळांची मागणी एकत्र केल्याचा खरा फायदा इथेच. तिसरा कप्पा फसवा असतो: रक्कम छोटी पण देणारा एकच, जसं लिफ्टच्या विशिष्ट सुट्या भागाचं किंवा प्रयोगशाळेतल्या एखाद्या जुन्या उपकरणाचं. तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही, तिथे साठा ठेवायचा आणि हळूहळू त्या वस्तूवरचं अवलंबन कमी करायचं. आणि बस, जेवण, विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर हे चौथ्या कप्प्यातले. पैसाही मोठा, बंद पडलं तर शाळाही बंद. तुमच्या सगळ्यांत अनुभवी माणसाचा वेळ या कप्प्यावर जायला हवा. प्रत्यक्षात तो मार्करच्या दरपत्रकांवर जातो.

शाळेच्या हातात काय ठेवायचं? नळ गळतोय, खिडकीची काच फुटली, नाटकाला कापड हवंय, विज्ञानाच्या बाईंना प्रयोगासाठी काहीतरी आजच्या आज हवंय. हे मुख्य कार्यालयात नेलं की सकाळी आठला फुटलेला नळ मागणीपत्र, मंजुरी, आदेश करत करत तिसऱ्या दिवशी दुरुस्त होतो, आणि तोवर मुख्याध्यापकांनी तुमच्या विभागाला मनातून काढून टाकलेलं असतं. खर्चाची एक ठरावीक मर्यादा त्यांच्या हाती द्या, तिचा हिशेब महिन्यातून एकदा घ्या, मधे बोट घालू नका. मुख्याध्यापकांची धास्ती अनाठायी नाही. मी पाहिलेले बरेचसे मध्यवर्ती खरेदीचे प्रयोग दरामुळे फसले नाहीत, नळामुळे फसले.

मर्यादा दिली की एक रोग हमखास येतो: मर्यादेत बसावं म्हणून एकाच खरेदीचे तुकडे पाडणं. मर्यादेच्या किंचित खालची तीन बिलं, एकाच पुरवठादाराची, एकाच आठवड्यातली. पकडायला हुशारी लागत नाही. यादी पुरवठादार आणि तारखेनुसार लावा, डोळ्यांना आपोआप दिसतं. पण दिसलं म्हणजे चोरीच, असंही नाही. कित्येकदा मर्यादाच इतकी खाली असते की सरळ माणसालाही वाकडी वाट धरावी लागते. एकाच वस्तूचे तुकडे पाचसहा शाळांत पडत असतील तर ओरडण्याआधी मर्यादा तपासा.

मागणी एकत्र केली म्हणून सगळं काम एकाच ठेकेदाराला द्यायचं असं नाही. ब्रिटनमध्ये शेकडो शाळांचं जेवण, सफाई, देखभाल पाहणारी कॅरिलियन ही बलाढ्य कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी दिवाळखोरीत निघाली. ऑक्सफर्डशायर परगण्यात तर मुलांच्या जेवणासाठी अग्निशमन दलाला तयारीत ठेवावं लागलं. तुमचा व्याप तेवढा नसेल, पण गणित तेच. अकरा शाळांची सफाई अंतरानुसार दोन-तीन गटांत विभागून निविदा काढा आणि एकाला जास्तीत जास्त किती गट मिळतील ते आधीच जाहीर करा. त्यानं छोट्या ठेकेदारालाही शिरकाव मिळतो. आणि दुसरा ठेकेदार शेजारच्याच शाळेत काम करतोय हे पहिल्याला ठाऊक असलं की दंडाच्या कलमापेक्षा ते जास्त कामाला येतं.

वस्तूचं वर्णन लिहिताना वापरणाऱ्यांना बरोबर घ्या. एकदा आम्ही सगळ्यांत स्वस्त मार्कर हजारोंनी घेतले. महिन्याभरात फळ्यांवर पुसट निळे डाग राहू लागले, शिक्षक फळा पुसायच्या द्रवाच्या बाटल्या मागू लागले, आणि तो खर्च दुसऱ्या खात्यावर पडत असल्यामुळे हिशेबात मार्करची "बचत" तशीच दिमाखात उभी. पुढच्या वेळी चार प्रकारच्या मार्करांच्या नावावर चिकटपट्टी लावून क्रमांक टाकले आणि पाच शिक्षकांना दोन आठवडे वापरायला दिले. दोन प्रश्न विचारले: किती तास लिहिलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी फळा कोरड्या डस्टरनं पुसला गेला का. सगळ्यांत महागडा मार्कर तिसरा आला. सगळ्यांत स्वस्त शेवटचा.

प्रिंटरच्या बाबतीत हीच चूक मोठ्या आकड्यांत होते. आकडे सोयीचे घेते. एक प्रिंटर १०० एककांचा. त्याचं टोनर २० एककांचं, २,००० पानं देणारं. दुसरा प्रिंटर २५० चा. टोनर ३० चं, ६,००० पानं देणारं. तीन वर्षांत ६०,००० पानं छापायची आहेत. पहिल्याला ३० टोनर लागतील, एकूण ७००. दुसऱ्याला १०, एकूण ५५०. तुलनात्मक तक्त्यात फक्त मशीनची किंमत असेल तर १०० वाला जिंकतो, आणि निर्णय नियमानुसार बिनचूक असूनही महागात पडतो. पानांचा आकडा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उचलू नका. काळ्या लेझर टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ ही मोजणीची प्रमाणित पद्धत आहे, तिच्यानुसारचा आकडा लेखी मागा.

तीन दरपत्रकांबद्दल थोडं परखड बोलते. तीन दरपत्रकं म्हणजे स्पर्धा, असं आपण धरून चालतो. माझ्यासमोर एकदा तीन वेगवेगळ्या लेटरहेडवरची तीन दरपत्रकं आली. तिन्हींत "वॉर्डरोब"ऐवजी "अवॉर्डरोब" अशी एकच चूक, एकाच ओळीत. कपाटाच्या दरपत्रकात कपाटाचंच नाव चुकलेलं, तेही तीन जणांचं सारखं. एकानंच तिन्ही टाइप केली होती. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिनं २००९ मध्ये संगनमत ओळखण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली; त्यांतल्या खुणाही अशाच साध्या आहेत: सारख्या चुका, सारखं हस्ताक्षर, आळीपाळीनं जिंकणारे पुरवठादार, ऐन वेळी मागे घेतलेली निविदा आणि मग तोच हरलेला पुरवठादार विजेत्याचा उपठेकेदार.

शाळांच्या खरेदीतलं सगळ्यांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आहे. १९८०च्या दशकात तिथे शाळांना दूध पुरवण्याच्या निविदांत काही डेअऱ्यांनी संगनमत केलं होतं. रॉबर्ट पोर्टर आणि डग्लस झोना या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर त्या निविदांचे आकडे तपासले. दूध दूर न्यायचं तर वाहतूक वाढते, दर वाढायला हवा. संगनमतातल्या डेअऱ्यांचे दर मात्र उलटे. जवळच्या शाळांना चढे, दूरच्यांना उतरते. जवळची गिऱ्हाइकं आपसांत वाटून घेतली होती आणि स्पर्धा उरली होती ती फक्त लांबवर. दर सरासरी सुमारे साडेसहा टक्क्यांनी फुगल्याचा त्यांचा अंदाज होता. तुमच्याकडे अकरा शाळांचे दर एका तक्त्यात असतील तर असा उलटा नमुना तुम्हालाही दिसू शकतो. एकट्या शाळेला तो कधीच दिसत नाही. शाळा एकत्र आणण्याचा मला सगळ्यांत मोठा वाटणारा फायदा हा आहे, आणि त्यासाठी खरेदी एकत्र करावी लागतच नाही, फक्त आकडे एकत्र करावे लागतात.

निविदा तपासण्याचे निकष आणि गुणांची टक्केवारी पाकिटं उघडण्याआधी लिहून, सही करून ठेवा. यावर जास्त बोलण्यासारखं नाही. एवढंच सांगते की सेवेच्या कामात फार खालची निविदा आली की आनंद मानू नका. सफाईच्या निविदेतला महिन्याचा आकडा एकूण कामगार-तासांनी भागा. उत्तर कायद्यानं ठरलेल्या मजुरीच्या खाली किंवा जेमतेम तेवढंच आलं तर साबण, गणवेश, सुट्ट्या, नफा कुठून येणार? कामगारांच्या पगारातून किंवा तुमच्या स्वच्छतागृहांतून. ठेकेदाराला समोर बसवून तोच भागाकार त्याच्याकडून करून घ्या.

आता सही झाल्यानंतरचं. प्रत्येक मोठ्या कराराचा एक पानी गोषवारा साध्या भाषेत काढा आणि तो ज्या शाळेत काम चालतं तिथल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. काय मिळायला हवं, किती वेळात, नाही मिळालं तर कुणाला फोन करायचा, बिलातून किती कापायचं. चाळीस पानी करार मुख्य कार्यालयात आणि काम पाहणारे पर्यवेक्षक शाळेत, अशी फारकत असेल तर दंडाची कलमं शोभेची असतात. एका शाळेत सुरक्षारक्षकांचा करार तीन पाळ्यांचा होता आणि येत होते दोनच पाळ्यांचे. बिल तीनचं. पर्यवेक्षकांना विचारलं तर म्हणाले, "रात्री कोणी असायला हवं, हे आम्हाला कुठे माहीत होतं?"

मोजमापांचा डोंगर रचू नका. सफाईच्या करारात सव्वीस निकष लावलेले मी पाहिले आहेत, आणि दर महिन्याला सव्वीसच्या सव्वीस रकान्यांत "समाधानकारक" लिहिलेलंही पाहिलं आहे. त्याऐवजी महिन्यातून एकदा अर्धा तास चाला. मुख्याध्यापक आणि ठेकेदाराचा पर्यवेक्षक, दोघं बरोबर, मुलं शाळेत असताना, मधल्या सुट्टीनंतर लगेच. सहा ठिकाणं, चिठ्ठी काढून निवडलेली. दिसेल ते तिथल्या तिथे लिहायचं, दोघांनी सही करायची, आणि त्या महिन्याचं बिल त्या कागदाशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. पहिल्या दोन महिन्यांत भांडणं होतात. तिसऱ्यापासून चालण्याच्या आदल्या दिवशी सगळं चकाचक होऊ लागतं. तेव्हा तारीख बदलती ठेवा.

दरवाढीच्या कलमाकडे कुणी बघत नाही कारण ते पहिल्या वर्षी लागू नसतं. दरसाल ५ टक्के हे ऐकायला किरकोळ. पाच वर्षांच्या करारात पाचव्या वर्षीचा दर पहिल्या वर्षापेक्षा साडेएकवीस टक्क्यांनी जास्त असतो, कारण वाढीवर वाढ चढते. महागाई निर्देशांकाशी जोडलेलं कलम बरं, पण त्यात कोणता निर्देशांक, कोणत्या महिन्याचा, कमाल किती आणि निर्देशांक उतरला तर दरही उतरतो का, हे चारही स्पष्ट हवं. चौथं बहुधा नसतं. आणि वाढ आपोआप लागू होऊ देऊ नका. पुरवठादारानं हिशेबासह मागायची, तुमच्या माणसानं तपासायची. मी तपासलेल्या अशा मागण्यांत चुका निघाल्या, आणि त्या पुरवठादाराच्या विरोधात गेलेल्या मला तरी आठवत नाहीत.

कराराबाहेर पडण्याचं कलम सही करतानाच लिहून घ्यायचं असतं, नंतर ते कुणी देत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये याची झळ सगळ्यांत जास्त. मुलांची माहिती, हजेरी, गुण, शुल्काच्या पावत्या हे सगळं उघडता येईल अशा फाईलमध्ये, किती दिवसांत, वेगळे पैसे न घेता परत मिळेल, आणि नंतर त्यांच्याकडची प्रत पुसल्याचं लेखी मिळेल. करार चालू असतानाच वर्षातून एकदा ती फाईल मागवून उघडून पाहा. एका पुरवठादारानं आम्हाला माहिती "दिली" ती पीडीएफमध्ये, शेकडो पानं, आणि तीन लिपिकांनी सुट्टीत बसून ती पुन्हा भरली.

पैसे वेळेवर द्या, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. ज्या संस्था १२० दिवसांनी बिल चुकवतात त्यांना पुरवठादार पुढच्या दरातच व्याज लावतो, आणि चांगले पुरवठादार निविदाच भरत नाहीत. एका समूहात आम्ही दरांना हातच लावला नाही. आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही जुळले की ३० दिवसांत पैसे, एवढाच शब्द दिला आणि वर्षभर पाळला. पुढच्या निविदेला दुप्पट पाकिटं आली.

माणसांबद्दल एक नाजूक गोष्ट. मागणी करणारा, आदेश देणारा, माल घेणारा आणि पैसे देणारा हे चार वेगळे हवेत, असं पुस्तक सांगतं. छोट्या शाळेच्या कार्यालयात माणसंच दोन असतात. तिथे मागणी आणि माल घेणं शाळेत ठेवा, आदेश आणि पैसे मुख्य कार्यालयात न्या. हे एवढं केंद्रीकरण मात्र मी आग्रहानं करीन. आणि कार्यकारिणीतल्या सदस्यांपासून लिपिकांपर्यंत सगळ्यांकडून दरवर्षी लिहून घ्या की कुठल्या पुरवठादाराशी नातं किंवा भागीदारी आहे का. नातं असणं गुन्हा नाही. ते लपवून त्या निर्णयाच्या बैठकीत बसणं आहे. सुरुवात अध्यक्षांच्या अर्जापासून करा, म्हणजे खालचे कुरकुरत नाहीत.

मुख्य कार्यालय वर्षाअखेरीस "बचत" दाखवील. आकडा विचारताना तो कशाशी तुलना करून काढला तेही विचारा. पुरवठादाराच्या पहिल्या फुगवलेल्या दरातून शेवटचा दर वजा केला तर कुणीही बचत दाखवू शकतं. गेल्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली रक्कम, तेवढ्याच विद्यार्थ्यांसाठी, तेवढ्याच दर्जाला, या वर्षी किती झाली, एवढाच आकडा मी मानते.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. पहिलं वर्ष घेऊ नका. अकरा शाळांच्या खात्यांत एकच पुरवठादार चार स्पेलिंगांनी नोंदलेला असतो, वस्तूंची नावं प्रत्येक लिपिकाची वेगळी. तो गोंधळ महागड्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला तर महागडा गोंधळ होतो. पुरवठादारांची एक यादी, वस्तूंची एक यादी, करार नोंदवही, आणि नोव्हेंबरपासूनचे गजर कुणाच्या तरी कॅलेंडरमध्ये. विभागही लगेच नको. एक जाणती व्यक्ती पूर्णवेळ द्या, जिला लेखाशाखाही कळते आणि शाळेत गेल्यावर शिपायाशीही बोलता येतं. पहिले दोन महिने तिला टेबल देऊ नका, शाळांमध्ये फिरू द्या. बरोबर बिलांची यादी आणि एक वजनकाटा द्या.